बायकोने भरलेला फॉर्म

सकाळी दहा वाजता शिंपीकाकांचा फोन अचानक मुका झाला. मुलीने आपल्या फोनवरून कंपनीत विचारलं, तर उत्तर आलं, "सिम हरवलं म्हणून मालकांनीच बंद करायला सांगितलंय. नवीन घ्यायला ते इकडेच निघालेत."

"मालक इथे काजं करत बसलाय!" काका ओरडले.

मुलीने कपाळाला हात लावला. काकांना कागद वाया गेलेला खपत नसे. ओळखपत्राच्या, अर्जांच्या जुन्या झेरॉक्स कापून ते चिठ्ठ्या करत, कोऱ्या बाजूला माप लिहीत आणि कपड्याला टाचत.

"बाबा, गिऱ्हाइकांना कपड्यांबरोबर स्वतःची जन्मतारीखही टाचून दिलीत!"

"एवढ्याशा चिठ्ठीत अख्खा मी थोडाच मावतो?"

"चार शर्ट शिवून घेतले की मावता!"

काकांना हसू आलं नाही. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्या आवाजातले सगळे निरोप त्या नंबरावर होते. बहुतेकांत ती त्यांना झापत होती, पण आवाज तिचा होता. नंबर दुसऱ्याच्या हाती गेला की तोही गेला. गळ्यातली मापाची टेप तशीच ठेवून काका धावले, मागोमाग मुलगी.

कंपनीच्या काउंटरपाशी एक गृहस्थ काकांचं नाव सांगत उभा होता.

"तो मी आहे!" काका धापा टाकत म्हणाले.

काउंटरवरच्या बाईंनी दोघांना न्याहाळलं. काकांचं ओळखपत्र घाईत घरी राहिलेलं, गृहस्थाचं म्हणे सिमबरोबरच हरवलेलं. बाईंनी जन्मतारीख विचारली. दोघांनी एका सुरात सांगितली. पत्ताही तसाच. काकांच्या आईचं नाव तर गृहस्थानेच आधी सांगितलं.

"मग आता गुप्त प्रश्न. फॉर्ममध्ये उत्तरं तुम्हीच लिहिलीत."

 फॉर्म बायकोने भरला होता. काकांनी न वाचता सही ठोकली होती.

"तुमची सर्वांत लाडकी व्यक्ती?"

"बायको," गृहस्थ म्हणाला.

"चूक."

काकांनी ओठांवर आलेला तोच शब्द गिळला. पेन हातात घेऊन बसलेली बायको त्यांनी डोळ्यांसमोर आणली.

"शिलाई मशीन," ते हळूच म्हणाले.

बाईंचा चष्मा कपाळावर गेला. "बरोबर! आता तुमचं नेहमीचं वाक्य?"

"कष्टाला पर्याय नाही," गृहस्थाने ठोकून दिलं.

"चूक."

काकांची छाती फुगली. "उद्या नक्की देतो!"

"बरोबर!"

रांग हसली. गृहस्थ मात्र उसळला, "उद्या नक्की, उद्या नक्की करत एकेका शर्टासाठी तीन-तीन आठवडे फिरवलंत मला!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. तोवर वॉचमनने त्याची कॉलर धरली होती.

"जरा बेताने," काका म्हणाले. "कॉलर माझ्या हातची आहे."

नवीन सिम काकांच्या हातात पडलं. बाई म्हणाल्या, "उत्तरं बदला हं. सगळ्यांनी ऐकलीत."

या वेळी काकांनी स्वतः फॉर्म भरला. मुलगी खांद्यावरून डोकावली.

"बाबा, लाडकी व्यक्ती 'बायको'? चोराने हेच तर सांगितलं!"

"आणि ते चूक आहे, हे अख्ख्या रांगेने ऐकलं. आता ते उत्तर पुन्हा कोण देतोय?" काकांनी ऐटीत सही ठोकली. "तुझ्या आईलासुद्धा ते जन्मभर खरं वाटलं नाही."