दोन बाटल्या जिन आणि आसामादेच्या बाई

कुणाकडून काही मागून आणायचं असेल तर डेडेला पाठवा! आमच्या राजधानीच्या, अक्राच्या टीव्ही केंद्रात ही म्हणच पडली होती. पाडली मीच होती, ती गोष्ट वेगळी. मंत्रीसाहेबांच्या बागेतला मोर, लष्कराची जीप, बिशपसाहेबांची खुर्ची, कार्यक्रमासाठी म्हणाल ते मी मागून आणलेलं आहे. खुर्ची तर बिशपसाहेब तिच्यावर बसलेले असताना मागितली होती!

आता गुडघे कुरकुरतात, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधते, पण ते दिवस लख्ख आठवतात. टीव्ही तेव्हा काळापांढरा होता. गल्लीत एखाद्याच्याच घरी असायचा आणि संध्याकाळी त्या घराच्या खिडकीला अख्खी गल्ली वटवाघळासारखी लटकलेली असायची.

मी शाळेचे कार्यक्रम करायची. खेड्यापाड्यांतल्या मुली लिहायला-वाचायला लागल्या न लागल्या की शाळा सोडायच्या. त्यांनी ती सोडू नये म्हणून मी मंत्रालयापासून मासळीबाजारापर्यंत सगळ्यांची डोकी खाल्ली होती. शेवटी आमचे डायरेक्टर मिस्टर क्वार्शी यांनी कानांवर हात ठेवून मला शनिवारची संध्याकाळ देऊन टाकली. मुलींसाठी गणिताचा कार्यक्रम! पण दारापर्यंत पोचले तोच मागून म्हणाले, "डेडे, सोमवारपर्यंत शिकवणारी बाई उभी कर. नाहीतर शनिवारी कुस्त्या."

"कुस्त्या?"

"लोकांना आवडतात."

अक्रातल्या बायका तपासून झाल्या होत्याच. एक कॅमेरा बघितल्याबरोबर डोळे मिटून प्रार्थना म्हणायला लागली. दुसरी इतकी गोड बोले, की पडद्याला मुंग्या लागल्या असत्या. मग कुणीतरी आसामादेच्या ओफोरिवाबाईंचं नाव सांगितलं. कुमासी शहराच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला ते गाव. मी तशीच तिकडे गेले. आंब्याखाली मुली बसलेल्या, बाईंच्या हातात केळ्यांचा घड, आणि अपूर्णांक असे काही शिकवत होत्या, की मलासुद्धा ते पहिल्यांदाच कळले! शिवाय धडा संपला की उत्तर खायला मिळत होतं!

"बाई, टीव्हीवर याल?" मी विचारलं.

"आत्ता येते," त्या म्हणाल्या. चाळिशीला टेकलेली, काटक बाई. डोळे असे, की वर्गात मागच्या बाकावरचा चोर तिथल्या तिथे कबूल व्हावा. "पण मला विचारून काय होणार? घरचे मोठे माझे मामा. त्यांना रीतीने विचारा. रीत चुकली, तर मी जन्मभर ह्याच आंब्याखाली!"

रीत! मी समुद्रकाठच्या गा जमातीची बाई, आसामादे जंगलाकडच्या अशांती जमातीचं. तरी रीत मला शिकवायची? मोठ्या माणसाकडे सकाळी उन्हाच्या आत जायचं, रिकाम्या हाताने जायचं नाही, आणि आपलं म्हणणं आपल्या तोंडाने नाही, बोलक्या माणसाच्या तोंडून मांडायचं. केंद्राच्या खर्चाने हॉलंडच्या जिनच्या दोन बाटल्या घेतल्या. शेजारच्या गावाहून ओपानिन आचाम्पोंग नावाचे बोलके म्हातारे मिळवले. हातात काठी, आवाज घंटेसारखा. "ह्या भागात त्यांच्यासारखं बोलणारा नाही," असं सगळ्यांनी सांगितलं. मात्र आयुष्यभर ते फक्त लग्नंच जुळवत आले होते, हे एकानेही सांगितलं नाही!

त्यात आमचा कॅमेरामन लामप्टे. तिशीचा, उंचापुरा, लाजाळू. आदल्या दिवशी कुमासीत मावसभावाचं लग्न खाऊन थेट आला होता, तो एका खांद्यावर कॅमेरा आणि दुसऱ्यावर लग्नातलं भरजरी केंटेचं वस्त्र घेऊनच.

"अरे, हा काय अवतार?"

"सिस्टर डेडे, माझे कपडे वऱ्हाडाच्या गाडीत गेले!"

असू दे म्हटलं. तेवढाच रुबाब.

बाईंच्या मामांचं, नाना बेडियाकोंचं अंगण माणसांनी भरलं होतं. आम्ही उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हात मिळवले, बसलो, पाणी प्यालो. मग नाना म्हणाले, "आमच्याकडे सगळं थंड, शांत आहे. वाट चालून आलात तुम्ही. काय खबर?"

ओपानिन उठले. काठी आपटली. "नाना, आम्ही सरळ वाटेने चाललो होतो. तुमच्या अंगणात एक फूल दिसलं आणि पाय पुढे टाकवेना!"

मी त्यांचं वस्त्र ओढलं. "फूल कसलं? गणित म्हणा, गणित!"

"आधी फूल," ते कुजबुजले. "गणित नंतर घरात गेल्यावर."

तेवढ्यात बायकांच्या बाजूने अशी किंकाळी उठली, की कोंबड्या कुंपणावर चढल्या. बाईंच्या मावशी, आंटी पोकुआ, दोन्ही हात वर करून नाचत होत्या. "आला ग बाई! वीस वर्षं दाराकडे बघून माझी मान वाकडी झाली, अखेर आला!"

सगळ्या बायका लामप्टेकडे बघायला लागल्या. मोठ्यांनी बघितलं की हसावं, असं त्याच्या आईचं वळण. तो बत्तीसही दात काढून हसला. झालं! दोघीतिघींनी त्याच्या मानेवर आनंदाची पांढरी पावडर थापली.

"सांगा," मी ओपानिनच्या कानात घाईघाईने म्हटलं, "बाई आम्हाला फक्त शनिवारी हव्या आहेत!"

ओपानिननी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या काठीवर थुंकले. "फक्त शनिवारी? बाई, तुम्हाला अब्रू आहे का?" आणि मोठ्याने, "आमच्याकडच्या म्हणतात, शनिवारी तर तिला फुलासारखी जपूच, बाकीचे दिवस डोक्यावर घेऊन नाचू!"

"अहो, तिचा चेहरा सगळ्या देशाला दाखवायचाय!"

"आणि अभिमान एवढा," ओपानिन गरजले, "की सगळ्या देशाला तोंड दाखवणार! झाकून ठेवणारी माणसं नव्हेत ही!"

बायकांनी पुन्हा आरोळी ठोकली. माझा धीर सुटला. मी उठून उभी राहिले. "नाना, माफ करा, मीच सांगते..."

आंटी पोकुआंनी मला वस्त्राला धरून खाली बसवलं. "बोलका समोर असताना मुलाकडची स्वतः बोलते? अक्रात तुम्हाला कुणी वळण लावलं की नाही?"

मुलाकडची? कुठल्या मुलाकडची? मी मान वळवली. केंटे पांघरून, मानेला पावडर फासून लामप्टे बसला होता. डोक्यात वीज चमकली म्हणतात ना, तसं झालं. मुली लग्नाआधी शिकू देत, असं सगळ्या देशाला ओरडून सांगायला निघालेली मी, सकाळी सकाळी एका शिक्षिकेला मागणी घालून मोकळी झाले होते!

"सिस्टर डेडे," लामप्टे पुटपुटला, "ही म्हातारी माझे दंड का चाचपतेय?"

"हसत राहा," मी म्हटलं. "हलू नकोस."

मागच्या बाजूला मुसळं पडायला लागली. जेवणासाठी उकडलेल्या कंदांचा फुफू कुटायला घेतला होता! आणि एकदा का फुफू कुटायला घेतला, की त्या घरातून जेवल्याशिवाय मोठमोठ्यांची सुटका नाही, तिथे आमची काय कथा?

"मुलीला बोलवा," नाना म्हणाले.

ओफोरिवाबाई आल्या, बोटांना खडू तसाच. त्यांनी बाटल्यांकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, पावडर लावलेल्या लामप्टेकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी भुवया, ओठ, नाक, जे जे हलतं ते सगळं हलवून "नाही, नाही!" असं सांगत होते.

"ओफोरिवा," नानांनी विचारलं, "ह्या लोकांनी जिन आणली आहे. घेऊ का?"

"घ्या, मामा."

"नीट विचार कर. प्यालेली जिन परत बाटलीत जात नाही. घेऊ का?"

"घ्या."

"तिसऱ्यांदा विचारतो..."

"घ्या म्हणतेय ना! मला सोमवारी अक्रात पोचायचंय!"

लामप्टे खुर्चीसकट मागे गेला.

जेवणं चालू असताना मी बाईंना मक्याच्या कणगीमागे गाठलं. "अहो, ते लग्न समजताहेत!"

"कळलं मला. मी काय बहिरी आहे?"

"मग हो का म्हणालात?"

"हे बघा," त्या म्हणाल्या, जशा काही मी आंब्याखालच्या पहिल्या रांगेत बसले होते. "टीव्ही म्हणजे काय हे मामांना समजावता समजावता माझे केस पिकतील. लग्न म्हणजे काय ते त्यांना समजतं. ही फक्त दार ठोठावायची खेप झाली. खरं लग्न पुष्कळ लांब आहे. तोवर मुलाकडची माणसं बघायला म्हणून मी अक्राला जाते आणि काम करते. मामांना पत्तासुद्धा लागणार नाही!"

"आणि लामप्टे?"

बाईंनी अंगणात डोकावून पाहिलं. आंटी पोकुआ लामप्टेला हाताने फुफू भरवत होत्या. "त्याचं पोट भरतंय," त्या म्हणाल्या.

सोमवारी मी मिस्टर क्वार्शींसमोर बाई उभी केली. सोबत आंटी पोकुआही उभ्या होत्या, कारण मुलगी एकटी कशी पाठवायची? दर शनिवारी त्या स्टुडिओत कॅमेऱ्याशेजारी स्टूल टाकून बसायच्या. पहिल्याच दिवशी बाई केळं कापून तिसरा हिस्सा दाखवताहेत आणि सगळ्या देशाला आवाज ऐकू आला, "जावईबापू, कॅमेरा सरळ धरा! पोरीचं कपाळ कापलं!"

डायरेक्टरसाहेबांनी कपाळाला हात लावला. पण लोकांनी काय केलं असेल? बाजारात शनिवारी केळी मिळेनाशी झाली! खिडक्यांना लटकलेल्या पोरी पडद्यावरच्या बाईंना मोठ्याने उत्तरं द्यायच्या. शाळा सोडलेल्या मुली आपापल्या आयांना घेऊन हेडमास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या. आसामादेला बाईंच्या मागे थोरल्या मुली शिकवायच्या, तिथे तर आंब्याखाली जागा पुरेना, शेजारचं चिंचेचं झाड घ्यावं लागलं. मी हवेत होते!

आणि तेव्हाच मिस्टर क्वार्शींनी मला बोलावलं. "कार्यक्रम छान झाला, डेडे. आता पुरे. पुढच्या महिन्यापासून कुस्त्या."

मी भांडले, रडले, मोर परत आणून देईन म्हणाले. उपयोग शून्य. ओफोरिवाबाईंनी सामान बांधायला घेतलं. एवढ्या स्वच्छपणे घड्या घालत होत्या, की मला ते बघवेना. आंटी पोकुआंनी मात्र गावाकडे निरोप धाडला.

आणि एके सकाळी केंद्राच्या फाटकात एक लॉरी येऊन थांबली. आधी ढोल उतरले. मग उत्तमोत्तम वस्त्रं नेसलेले म्हातारे, बायका, एक बोकड. सगळ्यांच्या पुढे काठी घेऊन ओपानिन आचाम्पोंग, ह्या खेपेला मुलीकडून! पहारेकरी अडवायला गेला, तर त्याच्याच मानेला पावडर लागली.

मिस्टर क्वार्शी बाहेर आले. "हे काय चाललंय?"

ओपानिननी काठी आपटली. "वडील, ऐकलं की आमच्या मुलीचं काम संपलं. आनंदाची गोष्ट! आता लग्नाची तारीख सांगा!"

"कुणाचं लग्न? वडील कोण?"

"बाटल्या कुणी पाठवल्या?" नाना बेडियाकोंनी शांतपणे विचारलं.

"केंद्राने," मी म्हटलं. खरं ते खरंच सांगायला नको का?

"मग मुलाचं घर म्हणजे हे केंद्र, आणि ह्या घरात मोठे तुम्ही," ओपानिन म्हणाले. "आमची तीन गावं जेवायला आहेत. ढोलवाले आमचे, बैठक तुमची. आम्ही इथेच उतरतो."

बोकडाने मिस्टर क्वार्शींच्या गुलाबाला तोंड लावलं. तेवढ्यात लामप्टे धावत आला आणि साहेबांच्या पायाशी कोसळला. "साहेब, कार्यक्रम बंद करू नका! हात जोडतो! मी अजून आईलाही सांगितलेलं नाही!"

मिस्टर क्वार्शींनी लॉरीकडे बघितलं. लॉरीतून अजून माणसं उतरतच होती. त्यांनी घसा खाकरला. "काम... संपलं असं कोण म्हणालं? कामाला तर आत्ता कुठे सुरुवात झालीय. कुस्त्या, हं, कुस्त्या रविवारी."

असा काही ढोल वाजला, की आत बातम्या वाचणारा थांबून खिडकीत आला! ओफोरिवाबाईंनी वस्त्राचं टोक कमरेला खोचलं आणि घड्या घातलेलं सामान त्याच हाताने सोडायला गेल्या.

गडबडीत मी नानांना निंबाच्या सावलीत बाजूला घेतलं. मला राहवेना. "नाना, एक सांगते, रागावू नका. त्या दिवशी आम्ही लग्न मागायला आलोच नव्हतो."

नाना इतके हसले, की त्यांना झाडाला टेकावं लागलं. "पोरी, लग्न मागायला कॅमेरा घेऊन कोण जातं? एक पोकुआ सोडली, तर सगळ्या अंगणाला ठाऊक होतं!"

"मग जिन कशाला घेतलीत?"

"आमची मुलगी तुम्हाला नोकरीला दिली असती, तर तुमच्या साहेबांनी तिला एका शब्दात घरी पाठवलं असतं. कामवालीला काढता येतं." त्यांनी लॉरीकडे बोट केलं. "सुनेला काढून बघा!"

मी जाऊन ढोलवाल्यांना पाणी दिलं.

कार्यक्रम पुढे कित्येक वर्षं चालला. तो संपला तेव्हा लामप्टे, आता केसांत चांदी आलेला, स्वतःहून बाईंसमोर जाऊन उभा राहिला. "मग? आता?"

"आता मला मुलींची शाळा काढायचीय," बाई म्हणाल्या. "थांबा जरा."

तो थांबला. शाळेचं छप्पर घालायला मदत केली, मुलींच्या रांगा लावल्या, फळे पुसले. परवा त्याचा फोन आला होता. म्हटलं, आता दोघांचे दात पडले, आता तरी ह्याला नानांचं बोलणं सांगून टाकावं. सहज विचारलं, "लामप्टे, इतकी वर्षं थांबायचा कंटाळा नाही का रे आला?"

"छे हो, सिस्टर डेडे," तो म्हणाला. "घाई मलाही नाही. आणि शाळेत गेलो की पोरी मला 'बाईंचे मिस्टर' म्हणतात, ते ऐकायला बरं वाटतं. तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी शब्द टाकलात, तुमचे उपकार मी कधी विसरायचो नाही!"

आता सांगा, ह्याला मी कुठल्या तोंडाने सांगू?