घर पिशवीत घालून

थोरलीच्या घरातला फोन बावीस वर्षं एका जागी होता. बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या तिवईवर. आणि तिवईशेजारच्या खुर्चीत थोरली. फोनची तिसरी घंटा कधी वाजली नाही आणि घराला कुलूप कधी लागलं नाही. कुलूप होतं, दारातच बसवलेलं, बाहेरून नुसतं किल्लीचं भोक दिसणारं, त्याची एक किल्लीही होती, पण ती लागणार कुणाला? थोरली घरात असायचीच. मग एका सोमवारी कंपनीचा माणूस आला, वायर गुंडाळून यंत्र बगलेत मारून निघून गेला, आणि मुलाने तिच्या तळहातावर साबणाच्या वडीएवढा मोबाईल ठेवला.

"हा आता घरचा फोन. सगळ्यांना हाच नंबर दिलाय. तू फक्त जवळ ठेव."

"आणि वायर?"

"वायर नसते याला."

"मग आपण कुणाच्या घरचे, हे त्याला कळतं कसं?"

मुलाने स्वतःच्या फोनवर बोट दाबलं. तिथे 'घर' अशी अक्षरं उमटली आणि थोरलीच्या हातातली वडी थरथरायला लागली. तिने ती चिमणीचं पिल्लू धरावं तशी दोन्ही हातांत धरली. भिंतीत तार नाही, तिवईवर बूड नाही, आणि घराला हाक मारली की ओ हातातून येते. त्यानंतर ती तीन दिवस गप्प होती. थोरली तीन दिवस गप्प, हे घरातल्यांना फोनपेक्षा मोठं नवल वाटलं.

चौथ्या दिवशी तिच्या डोक्यात उजेड पडला. फोन हातात म्हणजे घर हातात. मग आपण जाऊ तिथे घरीच की.

हा उजेड तिला नेमका धाकटीच्या दारी घेऊन गेला. धाकटी म्हणजे तिची जाऊ, वीस मिनिटांच्या चालीवर राहणारी. अकरा वर्षांपूर्वी चार पाहुण्यांत ती बोलून गेली होती, "ताईंना कशाला बोलावता, त्या फोनपुढून उठतील तर ना." झालं. थोरलीने सगळ्या घराला बसवून सांगितलं की त्या घराची पायरी आपल्यातलं कुणी चढायची नाही, आणि चढलात तर परत इकडची चढू नका. शब्द म्हणजे शब्द. अकरा वर्षं तिने तो पाळला, दाताखाली खडा धरून ठेवावा तसा. पण परवा दूधवाल्याकडून कळलं की धाकटीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. जावं तर शब्द जातो, न जावं तर जीव खातो. चार वाजता नवरा रोजच्यासारखा फिरायला गेला. मुलगा सहाशिवाय यायचा नाही. थोरलीने किल्ली फिरवून कुलूप लावलं, सवय नव्हती म्हणून दार चारदा ओढून पाहिलं, किल्ली आणि घर दोन्ही पिशवीत टाकलं आणि निघाली.

धाकटीच्या एका डोळ्यावर पट्टी होती. दुसरा थोरलीला बघून मोठा झाला.

"ताई?"

"मी आलेली नाही. मी घरी आहे. कळलं?"

"कळलं," धाकटी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

"रडू नकोस, पट्टी भिजेल."

"तुम्ही पण रडताय."

"मला कुठे पट्टी आहे?"

धाकटीने चहा गाळायला घेतला आणि पिशवी वाजली.

"आई, कुठे आहेस?"

बावीस वर्षांत फोनवर हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

"घरी. आणखी कुठे असणार?"

"मग दार उघड ना. आज लवकर सुटलोय. कधीचा बाहेर उभा आहे."

आणि फोनमधून बेल ऐकू आली. तिच्याच घराची, शेवटी जरा घोगरी होणारी. आजवर ती बेल तिने घरात बसून ऐकलेली, आज ती वीस मिनिटांवरून तिच्या कानाशी वाजत होती. ती उत्तर द्यायचं विसरून नुसती ऐकत राहिली.

"आई?"

"बाथरूममध्ये आहे मी."

"फोन घेऊन?"

"तूच म्हणालास ना, जवळ ठेव?"

फोनवर हात दाबून तिने धाकटीकडे बघितलं. "घरी पोचायला वीस मिनिटं. तेवढा वेळ काय सांगू?"

"कडी अडकली म्हणा."

अकरा वर्षं अबोला होता, पण दोघींच्या अकला एकत्र चालायला अर्धं मिनिट पुरलं. तिथेच घात झाला. आई आत अडकलीय म्हटल्यावर मुलगा थोडाच स्वस्थ बसणार? "घाबरू नकोस, फोन ठेवू नकोस," म्हणत त्याने फोन स्पीकरवर टाकला आणि कोपऱ्यावरच्या सुताराला हाक मारली. आता फोन ठेवता येईना. आणि तसंच बोलत रस्त्यावर यावं, तर बाथरूममध्ये गाड्यांचे भोंगे कुठून आले म्हणून सांगायचं?

"बाबाही आले बघ," मुलगा म्हणाला.

"अहो, सांगा त्याला, दाराला हात लावू नका म्हणावं. निघेल कडी."

नवरा नुसता खाकरला.

पहिला घाव पडला तशी थोरली जागच्या जागी दचकली. तिच्या दारावरचा प्रत्येक घाव तिला इथे, परक्या स्वयंपाकघरात, स्वच्छ ऐकू येत होता. कुलूप तुटून खाली पडलं तेही तिने ऐकलं. मग आत येणारी पावलं, आणि बाथरूमच्या दारावरची थाप.

"आहे मी, आहे," ती सवयीने म्हणाली.

तिकडे दार करकरलं.

"आई," मुलगा हळू आवाजात म्हणाला, "इथे नुसती बादली आहे."

"बाईंचा आवाज तर येतोय," सुताराचा आवाज कापत होता. "माझं काम दारापुरतं हो. पुढचं तुम्ही बघा."

थोरलीने डोळे मिटले. गेला शब्द. जायचाच तर मान वर करून जाऊ दे.

"मी धाकटीकडे आहे," ती म्हणाली. "शब्द मीच दिला होता, मीच मोडला. बोला आता काय बोलायचं ते."

नवऱ्याने फोन घेतला. "ठाऊक होतं मला."

"कसं?"

"मघाशी वाटेत फळं घेऊन पोचलो, तर तुझ्या चपला दिसल्या. त्यांच्या पायरीवर. म्हणून तसाच मागे फिरलो."

"तुम्ही त्यांच्या पायरीवर काय करत होता?"

"रोज फिरायला मी कुठे जातो असं वाटलं तुला?"

"अकरा वर्षं?"

"मधे पाय मुरगळला होता, ते दोन आठवडे सोडून."

थोरलीने धाकटीकडे बघितलं. धाकटी एका डोळ्याने चहाच्या गाळण्यात काहीतरी शोधत होती.

"आणि डोळ्यांदेखत दार फोडू दिलंत?"

"थांबवायचं तर मला कसं कळलं ते सांगावं लागलं असतं," नवरा म्हणाला. "त्यापेक्षा दार परवडलं."

थोरली हातातल्या वडीकडे बघत राहिली. केवढीशी ती, आणि केवढं पोटात घेऊन बसलेली. मग तिने चहाचा कप पुढे ओढला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"हे बघा, आता दाराला कुलूप राहिलेलं नाही. म्हणजे घरात कुणीतरी बसायलाच हवं. बसा तुम्ही दोघं. मी जेवून येते."