भिंतीवरचा सेकंड माल

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला फसवेल असा माणूस भिवंडीत अजून जन्माला यायचाय! पॉवरलूमच्या कारखान्यात कापड तपासणारा माणूस आहे मी. टेबलावरून तागा सरकतो, त्यावरून माझे डोळे फिरतात. कुठे धागा तुटलेला दिसला, गाठ दिसली, तेलाचा डाग दिसला, की कानावरचा लाल तेलखडू काढायचा आणि गोल! दोष जास्त असले तर कोपऱ्यात 'सेकंड' असा शेरा आणि खाली माझी सही. मग तो माल फर्स्टमध्ये जाणं विसरा.

घरीही नजर तीच. भाजीवाली मला बघून टोमॅटो झाकते. लग्नात मी नवरदेवाच्या कोटाची शिवण उलटी करून बघतो. दीक्षा, म्हणजे आमची बायको, म्हणते, "मला बघायला आलात तेव्हासुद्धा तुम्ही पास करायलाच आला होतात!" साफ खोटं आहे. मी फक्त साडीचा काठ बघत होतो.

तर आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो. समोरच्या भिंतीवर तथागतांची तसबीर लागली. सोफ्यामागची भिंत मात्र मोकळीच. मी म्हटलं, धबधब्याचं पोस्टर लावू, वर घड्याळ असलेलं. वेळही कळेल आणि गारही वाटेल.

"मला खऱ्या कलाकाराची प्रिंट हवी," दीक्षा म्हणाली. "नवोदित कलाकाराची."

"नवोदित म्हणजे?"

"ज्यांचं काम अजून लोकांपर्यंत पोचलं नाही ते."

"म्हणजे ज्यांचा माल उठत नाही ते!"

पण दीक्षाने एकदा मनावर घेतलं की घेतलं. दवाखान्यात नर्स आहे ती. तिथली ड्युटी संपली की रोज मोबाइलवर नवनव्या कलाकारांची चित्रं. एक मुलगा लाकूड कोरून म्हशी छापायचा.

"ह्या म्हशीला चौथा पाय नाही."

"अहो, तो मागे आहे."

"मागे आहे कशावरून?"

एकीच्या प्रिंटमध्ये नुसत्या बंद खिडक्या. मी विचारलं, आत कोण राहतं? एवढं विचारलं तर बाईसाहेब मोबाइल घेऊन बाल्कनीत! आणि मग तिथूनच सगळा संशयास्पद प्रकार सुरू झाला. मी जवळ गेलो की बोलणं बंद. एकदा कानावर पडलं, "हो गं, शुक्रवारीच आण त्यांना. ह्यांना मी आधी काहीच सांगणार नाही."

ह्यांना म्हणजे मला! आणि शुक्रवारी कोण येणार? शुक्रवारी आमचे लूम बंद, मी घरीच असणार. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत फसवायचा बेत! टोळी असणार, दुसरं काय. एकजण चित्र विकतो, दुसरा फ्रेम विकतो आणि तिसरा भिंत पोखरून देतो.

गुरुवारी संध्याकाळी पार्सल आलं. दीक्षा ड्युटीवर. मी पार्सल हलवून पाहिलं, वास घेतला, मग उघडलं. आत दोन पुठ्ठ्यांमध्ये एक मोठा कागद. कागदावर काय असावं? कापड! आपलं कारखान्यातलं साधं कोरं कापड, काळ्या शाईत छापलेलं. अगदी धागान् धागा दिसत होता. खाली सही, पण डॉक्टरने औषध लिहावं तशी.

मी कागद खिडकीशी नेला. आयला! डावीकडे ताणा, म्हणजे उभा धागा, तुटलेला. मध्ये दोन ठिकाणी जाळं. वर गाठच गाठ. हा असला माल माझ्या बायकोच्या गळ्यात मारला? नवोदित म्हणून?

आता मी शपथेवर सांगतो, पुढचं मी केलं नाही. माझ्या हाताने केलं. एवढ्या वर्षांची सवय! कानावरचा खडू कधी खाली आला, कधी गोल काढू लागला, मला पत्ताच नाही. भानावर आलो तेव्हा कागदाला गोवर आला होता आणि कोपऱ्यात ठसठशीत अक्षरं होती, 'सेकंड'. खाली सही, र. स.

दीक्षा आली. तिने कागद बघितला. मग मला बघितलं. मग मटकन सोफ्यावर बसली.

"हे कुणाचं काम आहे ठाऊक आहे का तुम्हाला? रमशाचं! तुमच्या दाऊदशेठच्या मुलीचं!"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. दाऊदशेठ म्हणजे आमचे मालक.

दीक्षाचा आवाज रडवेला झाला होता. "देशभरातले कलाकार बघत बसले आणि आवडलेली मुलगी निघाली भिवंडीतली. चित्रकला शिकून आलीय. कारखान्यात छपाईचा प्रेस लावायला तिला एक खोली हवीय, शेठ देत नाहीत. म्हणाले, कुणी परका माणूस तुझा कागद विकत घेऊन घरात लावतो असं दाखव, मग बोलू. नाही दाखवलंस तर हा नाद कायमचा सोड. उद्या नमाजनंतर तिला घेऊन ते ही भिंत बघायला येतायत. आणि तुम्ही त्यावर... सेकंड?"

"मला आधी सांगायचं ना!"

"तुम्ही शेठकडे कामाला आहात हे मी रमशालाही सांगितलं नाही. आणि तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही कारखानाभर दवंडी पिटली असती!"

हे मात्र खरं होतं. मी म्हटलं, "दुसरी प्रत मागव ना. प्रिंट आहे, म्हणजे ढिगाने असतील." दीक्षा म्हणाली, "मित्राच्या प्रेसवर कशीबशी एकच काढलीय तिने. बाकीच्या छापायलाच तर खोली हवीय!"

मग मी निस्तरायला घेतलं. आधी खोडरबर. लालाचं गुलाबी झालं आणि पसरलं. मग कापडावरचे डाग काढायचं आमचं औषध आणलं. त्याने एक गोल गेला, पण सोबत तिथला कागदही गेला! भोक पडलं. दीक्षा किंचाळली, "आता हात लावाल तर याद राखा!" शेवटी होतं तसं फ्रेममध्ये घालून भिंतीवर टांगलं.

शुक्रवारी शेठ आले. मागे रमशा. पोरीचा चेहरा दहावीच्या निकालाला आल्यासारखा. मी सोफ्यावर चढून, हात पसरून, भिंतीला पाठ लावून उभा!

"रवींद्र? तू इथे?" शेठ चमकले.

"माझं घर आहे, शेठ."

शेठनी रमशाकडे पाहिलं. त्यांचा चेहराच बदलला. आता संशय घ्यायची पाळी त्यांची होती. "असं होय! म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर माझाच माणूस! अगं, हा तर माझं फाटकं बनियन पण फ्रेम करून लावेल. पगार मी देतो ना ह्याला! याला विकणं म्हणत नाहीत, बेटा, याला मस्का म्हणतात. चल घरी. बात खतम."

"अब्बा, मला खरंच माहीत नव्हतं की हे..."

"बस! बहुत हो गया."

रमशाचे डोळे भरून आले. दीक्षा पुढे झाली, "शेठ, चित्र मी पसंत केलंय, ह्यांचा काही संबंध नाही!" पण शेठ वळलेसुद्धा. मला राहवलं नाही. मी सोफ्यावरून उतरायला गेलो, पाय गादीत रुतला, आणि मी थेट शेठच्या पायाशी! वर चित्र उघडं पडलं.

शेठनी वर पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"सेकंड?" त्यांनी वाचलं. "र. स.? ही तर तुझी सही!"

"चूक झाली, शेठ. मला माहीत नव्हतं कुणाचं आहे."

"माहीत नव्हतं?"

"आईशप्पथ नाही! माहीत असतं तर फर्स्ट लिहिलं असतं!"

शेठ हळूहळू हसायला लागले. "म्हणजे मस्का नाही! मालकाच्या पोरीच्या कामावर सेकंड लिहील असा गाढव मस्का मारूच शकत नाही. म्हणजे बाईंनी सच में पसंत करून घेतलं?"

"तेच तर मघापासून सांगतेय!" दीक्षा म्हणाली.

शेठ चित्राच्या जवळ गेले. "पण बेटा, कपडा तर सेकंडच आहे."

"हो अब्बा. तुमच्या सेकंडच्या ढिगातून मुद्दाम आणला. त्याला शाई लावून हा ठसा घेतला. चांगल्या कापडात माणूस दिसतच नाही. धागा तुटतो तेव्हा कुणीतरी धावत येतं आणि गाठ मारतं. ती गाठ मला छापायची होती."

शेठ कागदाशी आणखी वाकले. मग बोट एका गाठीवर ठेवलं, तिच्याभोवतीचा माझा लाल गोल बघितला, आणि एकदम माझ्यावर गरजले, "ह्याला फॉल्ट म्हणतोस? अक्कल आहे का? जान बूझ के छोड़ा है ये! माझ्या मुलीचा माल तू कोण रिजेक्ट करणारा?"

"पण शेठ, तुम्हीच आत्ता म्हणालात की..."

"मी बाप आहे, मी म्हणेन! तू कशाला म्हणतोस?"

मग रमशाला जवळ घेऊन म्हणाले, "कारखान्यात तुला हवी ती खोली घे."

पोर आनंदाने रडायला लागली, दीक्षा रडायला लागली, आणि खरं सांगतो, मीही खिशातला रुमाल काढला. बरं झालं! कुणाचं तरी भलं झालं! रमशाने डोळे पुसले आणि म्हणाली, "अब्बा, मला चांगला उजेड लागेल."

"मग सगळ्यात जास्त उजेड असलेली खोली घे. चेकिंगची!"

माझं टेबल आता कारखान्यात जिन्याखाली असतं. वर एक पिवळा बल्ब आहे. जाता-येता माणसं म्हणतात, "इथे कुणी नाय वाटतं," आणि तोही बंद करून जातात.