सर्वांत समाधानी नागरिक

शनिवार पेठेतल्या अय्युबच्या शिलाईच्या दुकानासमोर ड्रेनेजवाल्यांनी भला मोठा खड्डा खणला आणि ते जे गेले ते गेलेच. ईद तोंडावर आलेली. गिऱ्हाईक खड्ड्यापलीकडूनच हात हलवायचं आणि दुसऱ्या शिंप्याकडे वळायचं. ईदचा सीझन हातचा गेला तर माणसाने वर्षभर काय वारा शिवायचा?

अय्युबने वॉर्ड ऑफिसात तक्रार नोंदवली. आठवड्याच्या आत मेसेज आला: तक्रार बंद, नागरिक समाधानी.

"कुठला नागरिक समाधानी? मला दाखवा तरी!" तो ऑफिसात जाऊन ओरडला.

तक्रार विभागाचे कुदळेसाहेब 'सुशासन सप्ताह'च्या फलकाखाली गार बसले होते. "अहो शेख, फोन करून खात्री केल्याशिवाय आम्ही तक्रार बंद करत नाही. पारदर्शक कारभार आहे. ऐका."

रेकॉर्डिंगमध्ये ऑफिसातल्या मुलीशी अय्युबची आई, खातूनबी, बोलत होती; घरचा फोन तिनेच उचलला होता. "अल्लाची मेहेरबानी आहे, बेटी. काही कमी नाही बघ. तू जेवलीस का?"

अय्युब तणतणत घरी आला. "अम्मा, ती खड्ड्याचं विचारत होती!"

"कळलं की मला. पण कोणाच्या तरी पोरीने एवढ्या आपुलकीने विचारावं आणि आपण रडगाणं लावावं? शोभतं का?"

त्याने कपाळावर हात मारला आणि पुन्हा तक्रार केली. या वेळी पाहणीला माणूस आला. खड्ड्यात डोकावायच्या आत अम्मांनी त्याला मागच्या दाराने घरात घेतलं, सरबत पाजलं, वर शेवया खायला घातल्या.

"काही त्रास, आजी?" त्याने तोंड पुसत विचारलं.

"तुमच्यासारखी माणसं घरी आल्यावर कसला त्रास!"

तक्रार बंद. नागरिक अत्यंत समाधानी.

आता मात्र अय्युबचं टाळकं सटकलं. तिसरी तक्रार करायच्या आधी अम्मांना चार दिवस मावशीकडे पाठवायचं त्याने ठरवलं. तेवढ्यात कुदळ्यांचाच फोन आला.

"अभिनंदन! सुशासन सप्ताहात आपल्या मातोश्रींचा सत्कार. वॉर्डातल्या सर्वांत समाधानी नागरिक! मोठे साहेब आज संध्याकाळी स्वतः येणार, तुमच्या दारात."

"दारात खड्डा आहे, साहेब! किती वेळा बोंबलू?"

"अरे बापरे. मग स्टेज कुठे घालायचं?"

दुपारपर्यंत खड्डा बुजला, डांबर पडलं, वर रोलरही फिरला. संध्याकाळी अम्मांना शाल मिळाली आणि रात्री दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. अय्युब खूश होता आणि संतापलेलाही. इतके दिवस हे काय हाताला मेंदी लावून बसले होते?

ईद झाल्यावर त्याने कुदळ्यांना फोन लावला. गल्लीतला दिवा कित्येक महिने बंद होता.

"बोला शेख, काय तक्रार?"

"तक्रार? छे हो! आता मीसुद्धा फार समाधानी आहे. माझाही सत्कार ठेवा," अय्युब गोड आवाजात म्हणाला. "मोठ्या साहेबांना घेऊन या. फक्त अंधार पडल्यावर या."