खुशालरावांची लेदर सीट

खुशालरावांच्या मोटारसायकलची सीट मधोमध फाटली होती आणि आतला स्पंज पावसाचं पाणी पिऊन फुगला होता. सोसायटीच्या सभेत ते तावातावाने बोलायला उभे राहिले, तेव्हा मागच्या रांगेतली माणसं का हसली, हे त्यांना घरी येऊन पायजमा बदलताना कळलं.

"आता खरं लेदरच बसवतो," ते तणतणले. "पाह्यत राह्यतीन लोकं!"

भागीरथाबाई मेथी निवडत होत्या. हातातली जुडी त्यांनी परातीत आपटली.

"लेदर? पोळ्याले ज्याले पुरणपोळी चारतो, त्याच्याच कातड्यावर बसू मी? रेक्झिन बसवा. नाई त तुमच्या मागं मी काई बसत नाई."

हे काही आजचं नव्हतं. भातकुलीला माहेरी त्या नऊ वर्षांच्या असताना वडिलांचा पवळ्या बैल गेला. त्याच्या पाठीवर बसून त्या रोज नदीवर जात. त्या दिवसापासून चामड्याची वस्तू त्यांनी अंगाला लावली नाही. मुलाच्या लग्नातसुद्धा पैठणीखाली रबरी चपला होत्या. आणि याच मोटारसायकलवर, मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन, एका बाजूला पाय सोडून त्या पहिल्यांदा माहेरी गेल्या, त्यालाही अडतीस वर्षं झाली होती. मधल्या काळात गाडीचं इंजिन दोनदा उतरलं, टाकी बदलली, दिवा बदलला. मागची बाई तीच होती.

"बरं. रेक्झिन त रेक्झिन," खुशालराव म्हणाले. अडतीस वर्षांत ते इतक्या लवकर कधीच कबूल झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या बाजारात ओमप्रकाश सीटवाल्याने दोन्ही तुकडे त्यांच्यापुढे टाकले.

"काका, रेक्झिनच घ्या. पाऊस लागो, ऊन लागो, पुसलं की झालं. लेदरले लेकरासारखं जपा लागते."

"तुले सल्ला मागतला काय मी? लेदर म्हणजे लेदर! हे घे पैसे. अन् घरून कोनी इचारलं त रेक्झिन सांगजो."

चार दिवसांत सीट तयार झाली. गडद तपकिरी रंग, कडेने दुहेरी शिलाई. खुशालरावांनी ती बायकोला दाखवली ती मान दुसरीकडे करून.

"पाह्य, रेक्झिन."

भागीरथाबाईंनी सीटवरून सावकाश हात फिरवला. "चांगलं निंगालं रेक्झिन," म्हणाल्या आणि दूध बघायला आत गेल्या.

पण माणसाने लेदरवर बसावं आणि कुणाला सांगू नये, हे कसं जमणार? खुशालरावांनी गच्चीवर जाऊन भातकुलीला मेहुण्याला, किसनरावांना, फोन लावला. "अस्सल लेदर हाय, किसनराव! हात लावून पाह्यजा!" एवढं सांगितलं. बहिणीपाशी बोलू नका, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

पोळ्याच्या दिवशी दोघं भातकुलीला निघाली. भागीरथाबाईंच्या पिशवीत किसनरावांच्या हिऱ्या बैलासाठी नवी झूल होती, जांभळ्या मखमलीची, आरसे लावलेली.

"एवढी भारी झूल? पैसे कुठून आनले?"

"होते," त्या म्हणाल्या.

गावात तोरणाखाली बैल उभे होते. गाडी थांबली न थांबली, तोच किसनरावांनी सीटवर थाप मारली आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "वा जवाईबुवा! अस्सल लेदर!"

भागीरथाबाई जागच्या जागी वळल्या.

"काय म्हनते दादा?"

"काई नाई. त्याले काय समजते? रेक्झिन हाय."

"मी काहून खोटं बोलू?" किसनराव भडकले. "तुमीच त फोनवर सांगतलं! खोटा कोन, मी का तुमी?"

"ठेवा हिऱ्याच्या डोक्शावर हात," भागीरथाबाई म्हणाल्या. "अन् सांगा, रेक्झिन हाय म्हनून."

सारा गाव बघत होता. खुशालरावांनी हात उचलला. हिऱ्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर कुंकू, शिंगांना बेगड, आणि डोळे असे की समोर साक्षात सासरे उभे असावेत. खुशालरावांचा हात खाली आला.

"लेदर हाय," ते पुटपुटले.

"दादा, मी एष्टीनं जाते. अन् तुमी, उद्यापासून मागं कुटाराचं पोतं बांधून फिरजा!" भागीरथाबाईंनी झूल किसनरावांच्या हाती दिली आणि पिशवी झटकून त्या चालू लागल्या.

"भागी, थांब बरं जरा," किसनराव म्हणाले. ते वाकून सीटचा वास घेत होते. "सारा जन्म कातड्याच्या वाद्या हाताळल्या मी. याले वासच नाई." त्यांनी सीटच्या खालच्या दुमडलेल्या काठाला पेटती काडी लावली. काठ आक्रसला, वितळला आणि काळा थेंब होऊन जमिनीवर पडला.

"जवाईबुवा, हे त रेक्झिन हाय!"

खुशालरावांच्या संतापाला पारावार उरला नाही. लोक भर दिवसा लुबाडतात! तोंडावर काका म्हणून! त्यांनी तिथेच ओमप्रकाशला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला.

"चोरा! लेदरच्या पैशात रेक्झिन लावलं बे!"

"चोर काहून म्हनता, काका?" ओमप्रकाशही चिडला. "तुमी गेले अन् घंट्याभरात काकू आल्या. रेक्झिनच लाव म्हने. वरचे पैसे त्याच घेऊन गेल्या. अन् म्हने, काकानं इचारलं त लेदर सांगजो."

खुशालराव बायकोकडे वळले. "तुले माईत होतं? मंग एवढा तमाशा काहून?"

"सीट कशाची हाय ते मले माईत होतं. तुमी कवा सांगता, त्याची वाट पाह्यत होती. रोज चहा देताना वाटे, आता सांगतीन."

"पन तुले समजलं कसं?"

"तुमी पयल्या झटक्यात 'बरं' म्हनले. तवाच."

"म्हंजे घरच्याच बाईनं फसवलं मले! अन् माह्ये पैसे कुठी गेले?"

भागीरथाबाईंनी हिऱ्याकडे बोट दाखवलं. किसनराव हिऱ्याच्या पाठीवर झूल पसरत होते. शेकडो आरसे एकदम लखलखले आणि गर्दीतून "वा!" निघाला.

"आमच्या जवाईबुवांकडून!" किसनरावांनी पुकारा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुशालराव रागाने लाल झाले होते, पण टाळ्या थांबेनात, तेव्हा त्यांनी छाती जराशी पुढे काढली.

"अस्सल मखमल हाय," ते म्हणाले.

भागीरथाबाई परत येऊन गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या.

"दादा," झुलीकडे बघत त्यांनी हाक मारली, "काडी उरली काय एखादी?"