काकूंनी न पाहिलेला पिक्चर

जावई दारात येण्याआधी अर्धा तास काका टीव्हीच्या मागे भिंतीला गाल चिकटवून उभे होते आणि टेबलासकट टीव्ही सहा इंच डावीकडे सरकवत होते. सोफ्याच्या ज्या कोपऱ्यात जावयाला बसवायचं ठरलं होतं, तिथून पडद्यावर खिडकीचा उजेड चमकत होता. असल्या उजेडात शेवटचा सीन वाया गेला असता.

"अहो, काय चाललंय?" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही. धूळ पुसतोय."

"धूळ पुसताना टेबल किंचाळत नाही."

उरलेले दोन इंच काकांनी टेबल उचलून सरकवलं.

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली म्हणून अख्खी वस्ती त्यांना लिफ्टवाले काका म्हणायची. माणूस ओळखायची त्यांची एक पद्धत होती, आणि ती पद्धत म्हणजे एक जुना पिक्चर. एक ट्रक ड्रायव्हर एका संगीतशिक्षिकेचा पियानो डोंगरापलीकडे नेऊन पोचवतो, एवढीच गोष्ट. वाटेत एक ठेकेदार आडवा येतो, पूल खचतो, कुत्रं हरवतं आणि सापडतं. शेवटी पियानो पोचतो. ती दार उघडते, दोघं एकमेकांकडे बघत राहतात, कोणी काही बोलत नाही. तो ट्रकमध्ये चढतो, दार लावतो, आणि तिने विणून दिलेला मफलर त्या दारात अडकतो. मग तो पुन्हा दार उघडतो, मफलर आत ओढतो, पुन्हा दार लावतो आणि एकटाच निघून जातो. दाराच्या त्या दोन आवाजांच्या मध्ये काका गेली एकवीस वर्षं दर रविवारी दुपारी रडत आले होते.

कामावर नवा जोडीदार आला की काका त्याला घरी बोलावून हा पिक्चर दाखवत. लिफ्टच्या टपावर उभं राहून काम करायचं, तर खाली स्विचपाशी जो उभा असतो त्याच्या हातात आपला जीव असतो. मफलरच्या वेळी ज्याचे डोळे भरतात तो माणूस स्विच विसरत नाही, असं काकांचं गणित होतं. एकाने नेमकी तिथे जांभई दिली होती. तो पुढे तीनच महिन्यांत काकांना चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लटकत ठेवून चहाला गेला.

जावयाची परीक्षा मात्र राहून गेली होती. लेक वडिलांना पुरती ओळखून होती. लग्नाआधी तिने दोघांची गाठ घालून दिली ती एका हॉटेलात, जिथे टीव्हीच नव्हता. आता लग्नाला दोन महिने झाले होते आणि दोघं पहिल्यांदाच रविवारी जेवायला येणार होते. पोटची एकुलती एक पोर आपण न तपासलेल्या माणसाच्या हाती दिली, ही गोष्ट काकांना दोन महिने आतून कुरतडत होती.

सकाळीच लेकीचा फोन आला होता. "बाबा, पिक्चर नको हं. तो दातांचा डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांची तोंडं बघतो. निदान रविवारी तरी त्याला तुमच्या हिरोचं तोंड दाखवू नका."

"मी कुठे दाखवतोय? तो आपला चालू असेल, एवढंच."

त्याप्रमाणे जेवणं आटोपली आणि जावई सोफ्याच्या नेमक्या कोपऱ्यात टेकला, तेव्हा पिक्चर 'आपला चालू' होता. लेकीने वडिलांकडे डोळे वटारून पाहिलं. काका छताकडे बघत होते.

जावई गरीब स्वभावाचा होता. त्याने मनापासून पाहायला सुरुवात केली. "हिरो चांगला आहे," तो म्हणाला. "फक्त खालची दाढ वेळेवर काढायला हवी होती."

काकांनी स्वतःला समजावलं की दाढ हा काही परीक्षेचा भाग नव्हे. सोफ्यावर अजूनही थोडा उजेड येत होता, तेव्हा टीव्ही आणखी दोन इंच सरकवावा म्हणून ते उठले. त्यांनी टेबलाला हात लावून जोर दिला, टेबल कुरकुरलं आणि पडद्यावरचा ट्रक, डोंगर, पियानो सगळं एका क्षणात गडप झालं. पडदा निळा झाला. आवाज मात्र चालूच राहिला.

"थांबवा ना," लेक म्हणाली.

"थांबवून कसं चालेल? डिस्क जुनी आहे. एकदा थांबवली की पहिल्यापासून सुरू होते."

"मग उद्या बघू."

काका तोवर स्क्रू ड्रायव्हर आणायला गेले होते.

साधा माणूस असता तर त्याने आधी मागच्या वायरी पाहिल्या असत्या. पण काकांच्या गाठीला तीस वर्षांचा अनुभव होता, आणि अनुभवी माणसाला साधा बिघाड कमीपणाचा वाटतो. त्यांनी थेट टीव्हीच्या मागचं झाकण खोलायला घेतलं.

"बाबा, चालू टीव्ही आहे! करंट बसेल!"

"मी लिफ्टच्या उघड्या शाफ्टमध्ये काम केलंय. मला हा डबा काय करतो?" असं म्हणत काकांनी निघालेले तीन स्क्रू तोंडात धरले.

आता जावई ताडकन उठला. "बाबा, स्क्रू तोंडात नका धरू! माझ्याकडे महिन्याला एक तरी पेशंट असा येतो. परवाच्याचा दात गेला, आणि स्क्रू कुठे गेला ते अजून कळलेलं नाही."

दचकून काकांनी तोंड उघडलं. स्क्रू टणटण वाजत सोफ्याखाली गेले. ते शोधायला लेक सोफ्याखाली शिरली, तिच्या पायाचा धक्का लागून स्टुलावरची फुलदाणी कलंडली, फुलदाणीतलं पाणी जावयाच्या मोज्यात गेलं. तो एका पायावर उभा राहून मोबाइलचा टॉर्च काकांसाठी धरू लागला. इस्त्रीचे कपडे घालून बसलेला तो पाहुणा दहा मिनिटांत मजूर झाला. आणि या सगळ्या गोंधळात पिक्चर तिकडे पुढेच चालला होता. काकांचा जीव टांगणीला लागला.

"आता नेमकं काय चाललंय?" जावयाने निव्वळ सभ्यपणाने विचारलं.

काका टीव्हीच्या पोटात होते. लेक सोफ्याखाली होती. उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून.

"ठेकेदार आलाय. खोटं बोलतोय तो. खोटं बोलायच्या आधी घसा खाकरतो."

सगळ्यांनी कान दिला. टीव्हीतला ठेकेदार घसा खाकरून म्हणाला, की पूल अगदी भक्कम आहे.

"आई, तुम्ही हा पिक्चर पाहिलाय?" जावयाने विचारलं.

"पाहायला वेळ कुठे असतो? ऐकते." हात पुसत पुसत काकू बाहेर आल्या आणि जागा नव्हती म्हणून काकांच्या खुर्चीत बसल्या. "हं, आता कुत्रं हरवेल. केवढं थोरलं कुत्रं! वासराएवढं असेल."

"एवढंसं पिल्लू आहे ते," काका आतून म्हणाले.

"भुंकतं तर कसं मग?"

"आणि ती बाई कशी दिसते?" जावयाने विचारलं.

"उंच आहे. चष्मा लावते."

"चष्मा नाहीये गं!"

"असणारच. पत्र वाचायच्या आधी जरा थांबते ती. तेव्हाच लावते."

काका आणखी काही बोलणार होते, पण जावई म्हणाला, "बाबा, आईंना सांगू द्या ना." त्याने टॉर्च खाली ठेवला होता. ओला मोजा काढायचंही तो विसरला होता. सोफ्याखालून लेक बाहेर आली, ती गुडघ्यांवर हनुवटी टेकवून तिथेच फरशीवर बसून राहिली. लहानपणापासून हा पिक्चर तिच्या डोक्यात गेलेला होता, पण असा तिने कधीच ऐकला नव्हता.

टीव्हीच्या मागे काकांच्या मनात एक विचार आला आणि स्क्रू ड्रायव्हर जागच्या जागी थांबला. एकवीस वर्षांत आपण किती जणांना इथे बसवलं? जोडीदार झाले, शेजारी झाले, एकदा तर गॅस सिलिंडर पोचवायला आलेला माणूसही झाला. हिला कधी बोलावलं नाही. ही पलीकडेच होती. तिला तपासायची गरज नव्हती हे खरं, पण दाखवायला काय हरकत होती? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

आणि नेमकं तेव्हाच त्यांना जमिनीलगत पडलेली चित्राची पिवळी वायर दिसली. टेबल सरकताना ओढ बसून ती नुसती निसटली होती. बिघाड म्हणावा असं काहीच नव्हतं. काकांनी ती उचलली आणि टोक खाचेपाशी नेलं. आता हिला शेवट तरी दाखवू, असं त्यांच्या मनात होतं.

"आता बघा," बाहेर काकू सांगत होत्या. आवाज खाली आला होता. "आता ती दार उघडेल. दोघं काही बोलणार नाहीत. बराच वेळ नाही. मग ट्रकचं दार वाजेल, तो बसला. मग पुन्हा एकदा वाजेल, पलीकडचं. म्हणजे तीही बसली. आणि गेले दोघं."

काकांच्या हातातली वायर तशीच राहिली.

लेकीने मान वळवून टीव्हीमागच्या फटीतून वडिलांकडे पाहिलं. खरा शेवट तिला पाठ होता. तिने तोंड उघडलं. काकांनी आतूनच मान हलवून नको म्हटलं.

पडदा निळाच राहिला. पियानोचे तीन सूर वाजले. दार उघडलं. खोलीत कोणी हललं नाही. मग ट्रकचं दार वाजलं, जरा वेळाने पुन्हा वाजलं, आणि ट्रक हळूहळू लांब गेला.

काका बाहेर आले तेव्हा जावई चष्मा काढून डोळे पुसत होता. "फार सुंदर शेवट आहे, बाबा," तो म्हणाला. "गेली ना शेवटी ती त्याच्याबरोबर?"

त्या पिक्चरबद्दल काका आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. त्यांनी घसा खाकरला. "हो," ते म्हणाले. "दोघं जातात."

संध्याकाळी लेक-जावई गेल्यावर काकू भांडी विसळत होत्या आणि काका पुसून ठेवत होते.

"वायर सापडली होती ना तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

काकांच्या हातातली ताटली निसटता निसटता राहिली. "तुला कसं कळलं?"

"बत्तीस वर्षं तुमची दुरुस्ती ऐकतेय. जमत नसलं की पुटपुटता, जमलं की गप्प होता. तुम्ही गप्प झाला होतात."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. काकांनी ताटली खाली ठेवली. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नकोस. पण ते शेवटी दोघं..."

"एकटाच जातो तो. माहीत आहे मला. मफलर अडकतो दारात."

"म्हणजे? पाहिलायस तू?"

"पहिल्याच वर्षी. या दारातूनच पाहिलं. तुम्ही डोळ्यांवर हात घेऊन रडत होतात, मी दिसले नाही तुम्हाला." काकूंनी नळ बंद केला. "मला नाही आवडला तो शेवट. एवढा डोंगर ओलांडून आला, आणि ती दारात नुसती उभी! मग मी इथे आले. पुढच्या रविवारी ऐकलं, तर इथून दोघं जात होते. तेव्हापासून इथूनच ऐकते."

काकांनी ओला फडका पिळून बाजूला ठेवला. हिचा शेवट मोडू नये म्हणून आपण टीव्हीमागे अंधारात बसलो, आणि ही गेली वीस वर्षं स्वतःच्या पिक्चरमध्ये उजेडात बसली आहे. आपण दर रविवारी त्याला एकटं पाठवत होतो आणि ही भिंतीपलीकडून दर रविवारी तिला त्याच्या शेजारी बसवत होती.

"मला सांगायचं नाही का?"

"कशाला? तुम्हाला रडायला आवडतं. रविवारी रडून घेतलंत की सोमवारपासून तुम्ही माणसात असता."

"मी तुला एकदाही बोलावलं नाही," काका म्हणाले. "चुकलं माझं."

"बोलावलं असतंत तर आले असते," काकू म्हणाल्या. "मग मलाही तुमचाच बघत बसावा लागला असता. बरं झालं."

पुढच्या रविवारी दुपारी पिवळी वायर जागेवर होती, उजेडही पडद्यावर येत नव्हता. काकांनी डिस्क लावली, आवाज थोडा वाढवला आणि स्टूल घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय हवंय?" काकूंनी विचारलं.

"बसू का?"

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मटारच्या शेंगांचं ताट पुढे सरकवलं. "बसा. पण मध्ये मध्ये सांगायचं नाही. कुत्रं मोठं आहे."

"मोठं आहे," काका म्हणाले.

दोन तास त्यांनी शेंगा सोलल्या आणि भिंतीकडे बघत ऐकलं. ठेकेदाराने घसा खाकरला, पूल खचला, बाईने चष्मा लावून पत्र वाचलं. पियानोचे तीन सूर आले तसा सवयीने काकांचा हात खिशात गेला आणि त्यांनी रुमाल बाहेर काढला. काकूंनी तो त्यांच्या हातून घेतला, शेगडीवरचं गरम पातेलं त्याने धरून खाली उतरवलं आणि तोंडावर बोट ठेवलं.