आडवी रेघ, आडवा वर्ग

तुम्हाला म्हणून सांगते, पहिलीच्या पोरांना वजाबाकी शिकवण्यात माझा हात धरणारं कुणी अख्ख्या उत्तर फिनलंडात नाही! निदान त्या सोमवारपर्यंत माझी तशी खात्री होती.

आमच्या हेडमास्तरांना, अर्मासना, मी छातीठोकपणे सांगितलं, "वजाबाकी येत नाही म्हणून इंकेरीला वेगळ्या तुकडीत टाकू नका. टॅबलेटवर नवा खेळ आलाय. आकड्यांच्या रेघेवर बेडूक उड्या मारतो. पुढे गेला की बेरीज, मागे आला की वजाबाकी. एका तासात येईल तिला!"

"आली तर राहील इथे," ते म्हणाले. "तास संपायच्या आत मी स्वतः विचारायला येतो."

तुकडी बदलणार हे कळल्यावर इंकेरी ढसाढसा रडली होती. मैत्रिणीशेजारची जागा सोडायची म्हणजे काय!

खेळ सुरू झाला. बेरीज झकास! वजाबाकी आली आणि इंकेरी अडून बसली.

"बाई, कमी झालं की खाली जातं. बाजूला कसं जाईल?"

खरंच की! आमच्याकडे पोरं उठतात ती थेट खिडकीबाहेरचा तापमापक बघायला. पारा किती उतरलाय त्यावर किती कपडे चढवायचे ते ठरतं. तिने टॅबलेट उभा धरला. चित्र फिरून पुन्हा आडवं! परत वळवला, परत आडवं! शेवटी पठ्ठीने टॅबलेट दप्तराला टेकवला आणि स्वतःच जमिनीवर आडवी झाली.

"बाई! रेघ उभी झाली!"

झालं! लोकरी मोज्यांतला सगळा वर्ग धपाधप जमिनीवर!

"उजव्या कुशीवर रे, विल्पू! डाव्या कुशीवर शून्य वर जातं!" असं ओरडत, नीट दाखवायला म्हणून मीही आडवी झाले.

तेवढ्यात दार उघडलं.

"बुरशी!" अर्मास किंचाळले. भिंतीतल्या बुरशीने हवा बिघडून शाळा बंद पडणार, ही त्यांची कायमची धास्ती. त्यांनी धडाधड सगळ्या खिडक्या उघडल्या. गारठा आत!

"काही झालेलं नाही हो! वजाबाकी चाललीय! तुम्हीपण झोपा, उजव्या कुशीवर!"

एवढा अगडबंब माणूस, पण झोपला बिचारा. आणि त्या गोंधळात उलटंच विचारून बसला, "इंकेरी, तीनातून पाच गेले तर?"

पाचातून तीन म्हणायचं होतं त्यांना! खेळातली रेघ तर शून्यावरच संपत होती.

इंकेरीने स्क्रीनकडे बघितलंसुद्धा नाही. "शून्याखाली दोन. आतून लोकरी पायजमा घालायचा. आणि खिडक्या लावा ना, थंडी वाजतेय!"

"ही इथेच राहणार!" अर्मास जमिनीवरूनच गरजले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी मिळून त्यांना ओढून उठवलं. इंकेरी मैत्रिणीच्या गळ्यात आणि मी हवेत!

विल्पूने हळूच माझी बाही ओढली. "बाई, चित्र फिरू नये म्हणून यात बटण असतं." त्याने ते दाबलं, टॅबलेट वळवला. रेघ गुमान उभी!

"अरे, मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, उजव्या कुशीवर! मला वाटलं, धडाच तसा आहे."